कानाचा मांडव

प्रबंधाचा आराखडा वहीत करायचा नसतो, दोरीवर करायचा असतो, असं आमच्या खांबेटे सरांचं ठाम मत होतं. त्यांच्या प्रयोगशाळेत खिडकीपासून फळ्यापर्यंत नायलॉनची दोरी बांधलेली असे. एकेका प्रकरणाचा एकेक कागद तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगायचा. क्रम पटला नाही की चिमटा काढायचा आणि कागद सरकवायचा. "ओलं आहे तोवर हलवून घ्या, वाळलं की घडी मोडत नाही," असं ते दर आठवड्याला म्हणत आणि दर आठवड्याला स्वतःच हसत. झाडू मारायला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी मला विचारलं होतं, इथं बिऱ्हाड कुणाचं आलंय म्हणून.

माझ्या दोरीवर सहा कागद होते. प्रश्न, पूर्वीचं काम, रीत, प्रयोग, ओळख आणि मर्यादा. त्यातला पाचवा, म्हणजे 'ओळख', कोरा होता.

"थिटेबाई, हा पाचवा कधी भरणार?" सर विचारायचे. "त्याच्याविना बाकीचे पाच म्हणजे नवरदेवाशिवाय वरात."

माझा विषय होता अंध स्रोत-विलगीकरण. नाव ऐकून पाहुणे मंडळी मला नेत्रविभागात समजत. गोष्ट साधी आहे. पुष्कळ माणसं एका वेळी बोलतायत. कोण बोलतंय ठाऊक नाही, कुठं बसून बोलतंय ठाऊक नाही, आवाज कशावर आपटून कसा घुमला तेही ठाऊक नाही. हातात आहे फक्त एकत्र झालेला कालवा. त्यातून प्रत्येकाचा आवाज सुटा करायचा. आईला मी समजावलं होतं, की कालवलेल्या भेळेतून चुरमुरे, शेव आणि कांदा परत आपापल्या डब्यात भरायचा. आई म्हणाली, "त्यापेक्षा नवी भेळ करावी माणसानं."

पण भेळ सोडवता येते. युक्ती अशी, की मायक्रोफोन एक नाही, अनेक ठेवायचे. प्रत्येक मायक्रोफोनला तोच कालवा ऐकू येतो, पण प्रमाण वेगळं. याच्याजवळचा माणूस याला मोठा, त्याच्याजवळचा त्याला. शिवाय दोन माणसांच्या बोलण्यातले चढउतार एकमेकांवर अवलंबून नसतात. मी कुठं श्वास घेते याचा तुमच्या श्वासाशी काही संबंध नाही. प्रत्येक आवाजाला स्वतःचा वेडेवाकडेपणा असतो, आणि दहा आवाज मिसळले की तो घासून जाऊन एक गुळमुळीत गोंगाट उरतो. गणित उलट्या दिशेनं चालतं. मायक्रोफोनांची बेरीज-वजाबाकी करत राहायचं, आणि जिथं वेडेवाकडेपणा सगळ्यांत जास्त निघेल तिथं थांबायचं. तिथं एक माणूस सापडतो.

अट एकच: माणसांहून कान जास्त हवेत. ती अडचण इचलकरंजीच्या मागावर सुटली. केसाएवढे बारीक तंतू विणलेलं एक मांडवाचं कापड सरांनी करून घेतलं होतं. जिथं दोन तंतू एकमेकांना छेदतात तिथं एक कान. एका मांडवाला असे हजारो कान. खाली अख्खं गाव बसलं तरी कापडाला जड नव्हतं.

दोन गोष्टी मात्र या रीतीला कधीच जमत नाहीत. सुटलेले आवाज कुठल्या क्रमानं बाहेर येतील ते सांगता येत नाही, म्हणजे पहिला आवाज कुणाचा नि दुसरा कुणाचा हे तिला कळत नाही. आणि मूळ आवाज मोठा होता की बारीक, हेही कळत नाही. सगळे एका मापाचे होऊन बाहेर पडतात. या दोन उणिवा सहाव्या कागदावर होत्या. प्रबंधात मर्यादा शेवटी लिहायच्या असतात, खाली मान घालून, परीक्षक दमलेला असताना.

त्या वर्षी सरकारनं ठरवलं, की निवडक गावांत ग्रामसभेचं आवाजी मतदान आमच्या मांडवाखाली मोजून पाहायचं. गावांच्या यादीत माझं धामणटेक होतं. सर म्हणाले, "घरचंच कार्य आहे. पाचवं प्रकरण घेऊनच परत या."

*

धामणटेकचे सरपंच म्हणजे माझे थोरले चुलते, भीमराव थिटे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. माझे वडील मी लहान असतानाच गेले. पोरगी शिकणार, तिच्या लग्नाचं नाव कुणी काढायचं नाही, असं भावकीसमोर ठणकावून सांगणारा माणूस म्हणजे आप्पा. हे आधीच सांगते, नाहीतर पुढं तुम्ही त्यांना खलनायक ठरवाल.

आमच्या गावचं आवाजी मतदान फार सुटसुटीत होतं. सरपंच विचारणार, "मंजूर?" पुढच्या दोन रांगा ओरडणार, "मंजूर!" ग्रामसेवक लिहिणार, 'सर्वानुमते'. मागं बायका बसायच्या. त्या काय म्हणायच्या हे त्यांच्या पदरालाच ठाऊक.

या खेपेचा ठराव तलावाचा होता. एका कंपनीला गावाशेजारी डेटा सेंटर उभारायचं होतं. तिथले संगणक तापतात, ते निववायला बारमाही पाणी लागतं, आणि ते आमच्या तलावात होतं. बदल्यात पोरांना नोकऱ्या. आप्पांचा त्यावर मनापासून विश्वास होता. "किती दिवस पोरांनी पारावर मोबाईल घासायचा?" ते म्हणत. दुसरी बाजू अशी, की त्या तलावाच्या पाझरावर खालच्या सगळ्या विहिरी जगतात. ती बाजू सभेत कुणी मांडली नव्हती.

खऱ्या मतदानाआधी चाचणी म्हणून आप्पांनी गावाचा कल घ्यायचं ठरवलं. शाळेच्या पटांगणात मांडव बांधला आणि त्याच्या वायरी आवाज सोडवून मोजणाऱ्या पेटीला जोडल्या. बायकांनी वर बघून त्याला लगेच नाव ठेवलं, कानाचा मांडव. आप्पांनी विचारलं, पुढून नेहमीसारखं "मंजूर!" असं दणकून आलं. ग्रामसेवकांनी 'सर्वा' एवढं लिहिलंसुद्धा. मग मी पेटीवरचा आकडा वाचला. तिसरा हिस्सा लोक 'नाही' म्हणाले होते.

आप्पांनी मला बाजूला घेतलं.

"कोन हायती ही?"

"पेटीला ते कळत नाही, आप्पा."

"पन तुला कळंल. तुझं सर फोनवर म्हनत हुतं, नावं लावायचं बी काम चाललंय म्हून."

खरंच चाललं होतं. पाचवं प्रकरण तेच. माणसाच्या आवाजाचा नमुना असला, की सुटलेल्या आवाजावर नावाची चिठ्ठी लावता येते. आणि नमुन्यांना काय तोटा, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून आवाजी निरोपांचा रतीब असतो. मी घरी आले, पडवीत लॅपटॉप उघडला आणि जुळणी लावली. सगळ्यांत पक्की जुळणी आधी दाखव, असं सांगितलेलं होतं.

पहिली जुळली ती "गॅसची गाडी आलीया, टाक्या भाईर काढा" या निरोपाशी. तो निरोप मोठ्या आईचा होता. मोठी आई म्हणजे आप्पांची बायको.

मी तो सुटा आवाज लावला. कोरडा, आखूड, ठाम. "न्हाई."

मोठ्या आईनं आयुष्यात कुणाला नकार दिलेला मी ऐकला नव्हता. पंगतीत चौथ्यांदा भात मागणाऱ्यालाही नाही. मला इतका आनंद झाला, की मी तो आवाज परत लावला, आणि दुसऱ्यांदा ऐकताना मला भीती वाटली.

मोठी आई चुलीपुढून उठून आली. हाताला पीठ तसंच होतं.

"ह्यो कुनाचा गं आवाज?"

"तुझा."

तिला पटेना. स्वतःचा आवाज माणूस हाडांतून ऐकतो, त्यामुळे बाहेरून ऐकला की परका वाटतो. मी तिसऱ्यांदा लावला. ती पाटावर बसली.

"बरा हाय की," ती म्हणाली. मग तिचं तोंड उतरलं. "ह्यो तू आप्पास्नी ऐकवनार?"

"त्यांनी नावं मागितलीत."

"मग ऐकीव. पन एक ध्यानात ठेव. फुडल्या सभंला म्या तोंड उघडनार न्हाई. म्याच काय, मागच्या वळीतली कुनीच उघडनार न्हाई. त्या कालव्यात कोन कुनाचं ऐकतंय, म्हून तर बोललो आमी."

अंगणात आप्पांच्या चपला वाजल्या. दारातूनच त्यांनी विचारलं, "निघाली का नावं?"

मोठी आई माझ्याकडं बघत नव्हती. हाताचं पीठ चोळत होती.

"नाही, आप्पा," मी म्हणाले. "ते प्रकरण अजून व्हायचंय." आणि त्यांच्या देखत जुळणी पुसून टाकली. त्यांना वाटलं, मी ईमेल बघतेय.

*

सोमवारी सरांच्या समोर मी पाचवा कागद दोरीवरून काढला आणि चुरगाळला. सहावा काढून दुसऱ्या क्रमांकावर, 'प्रश्ना'च्या लगेच मागं लावला.

सरांचा चष्मा नाकावर घसरला. "हे काय चालवलंय? पाचवं झालं की नाही?"

"झालं. चाललं. फार चांगलं चाललं. म्हणून काढतेय."

मी त्यांना सगळं सांगितलं, फक्त मोठ्या आईचं नाव सांगितलं नाही. ते येरझाऱ्या घालू लागले.

"अहो, परीक्षक पहिला प्रश्न काय विचारेल? आवाज सुटला, पण कुणाचा? तुम्ही म्हणणार, माहीत नाही. तो म्हणेल, मग केलंत काय इतकी वर्षं?"

"सर, मतपेटीला कुठलं मत कुणाचं ते कळत नाही. त्याला आपण पेटीचा दोष म्हणतो का?"

सर थांबले.

"आपण क्रम कळत नाही म्हणून रडतोय," मी म्हणाले. "क्रम कळत नाही म्हणूनच सून सासूच्या शेजारी बसून विरोधात बोलू शकते. मोठा-बारीक कळत नाही म्हणून रडतोय. पण त्यामुळेच पुढं बसून नरडं फाडणारा आणि पदराआड पुटपुटणारी, दोघांचं वजन एक भरतं. गावात आजवर असं माप कुणाकडं होतं का? आपल्याला गणितानं आयतं दिलंय आणि आपण ते शेवटच्या प्रकरणात लपवतोय."

माझा आवाज चढला होता. सर खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग त्यांनी मी टांगलेला कागद काढला.

सरांनी तो कागद दोरीच्या अगदी सुरुवातीला, खिडकीपाशी लावला.

"दुसरं नाही, पहिलं," ते म्हणाले. "मर्यादेनंच सुरुवात करा. पण पाचव्याची जागा रिकामी ठेवून चालायचं नाही. तुम्ही नावं लावू नका, उद्या दुसरा कोणी लावेल. आवाज साठवलेले असले की लावेलच. त्याचं काय?"

ही मात्र मला न सुचलेली गोष्ट होती. नव्या पाचव्या कागदावर मी त्याच दिवशी लिहिलं: 'विसरण्याची रीत'. पेटीनं प्रत्येक सुटा आवाज ऐकायचा, तो मंजूर म्हणतोय की नाही एवढंच टिपायचं, आणि आवाज तिथल्या तिथं पुसायचा. मांडवाच्या कुठल्या भागानं काय ऐकलं तेही ठेवायचं नाही. बाहेर फक्त दोन आकडे. लिहायला एक ओळ लागली, करायला सगळा हिवाळा. सर माझ्याबरोबर शाळकरी पोरासारखे त्याच्यात रमले. पेटीतून नावं चोरायचा प्रयत्न ते करायचे, मी वाट बुजवायची. ज्या दिवशी त्यांना एकही वाट सापडली नाही, त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं पाचव्या कागदाला दोन चिमटे लावले.

*

खऱ्या सभेच्या आदल्या दिवशी मी आप्पांना स्पष्ट सांगितलं, की आता या पेटीतून नावं कधीच निघणार नाहीत.

"घरच्या मानसाला बी न्हाई?"

"घरच्या माणसाला तर नाहीच."

आप्पांना ते लागलं. पण ते मुरलेले सरपंच होते, मूग गिळून बसणारे नव्हेत. सकाळी बघते तो पटांगणात पुढं ढोल-ताशा पथकाची पोरं ओळीनं उभी, एकसारख्या शर्टात. कंपनीच्या नोकऱ्या त्यांनाच मिळायच्या होत्या. त्यांना सांगून ठेवलेलं होतं, की ताशाची काडी पडली की सगळ्यांनी एका दमात ओरडायचं. ठेका चुकवणारं पथक ते नव्हतंच. गणपतीत तालुक्याचं बक्षीस त्यांचंच असे.

आप्पांनी ठराव वाचला. विचारलं. काडी पडली. "मंजूर!" असा एकच दणका उठला, की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्याच्या मागोमाग बाकीचा कालवा.

पेटीवर लाल दिवा लागला.

ग्रामसेवक घाबरले. आप्पांना वाटलं, पेटी बिघडली. पेटी बिघडली नव्हती. दारात नोंदलेली माणसं आणि सुटलेले आवाज यांचा मेळ बसत नव्हता, आवाज कमी पडत होते. मी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"या मांडवाला प्रत्येकाचा वेगळेपणा ऐकू येतो. पुढच्या पोरांनी एका ठेक्यात, एका चढात, एका उतारात ओरडून वेगळेपणाच ठेवला नाही. मांडवाला तिथं माणसं दिसेनात, एकच मोठा प्राणी दिसतोय. असंच सोडलं तर त्यांची मतं बुडतील, आणि ते मला चालायचं नाही. नियम आहे, मेळ बसला नाही तर परत घ्यायचं. ताशा खाली ठेवा. प्रत्येकानं आपापल्या सुरात, आपल्याला वाटेल तेव्हा म्हणा."

आता हे मी तलावाच्या बाजूनं सांगत होते की विरुद्ध, ते मलाही कळत नव्हतं. पोरांची मतं नीट मोजली गेली तर ठराव मंजूर व्हायचीच शक्यता जास्त होती. मागच्या रांगेत मोठी आई बसली होती. तिच्याकडं बघायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

आप्पांनी पुन्हा विचारलं.

काडी पडली नाही. पोरं एकमेकांकडं बघू लागली. ठेक्यावर ओरडणं सोपं असतं, तिथं ताशा विचार करतो. आता ज्याचा त्याला करायचा होता. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी खालच्या अंगाची विहीर होती. मग कुठूनतरी एक आवाज निघाला, त्याला दुसरा लागला, आणि बघता बघता असा बेताल, बेसूर, अस्सल धामणटेकी कालवा माजला, की कान किटले. कोण काय म्हणतंय याचा पत्ता नाही. पुढच्यांचे ओठ हलत होते, मागच्यांचे पदर हलत होते.

पेटीवर हिरवा दिवा लागला. मेळ बसला. आकडा वाचायचा मान सरपंचांचा असतो, म्हणून मी पेटी आप्पांकडं फिरवली.

त्यांनी तो वाचला. परत वाचला. समोरून कुणालाच आकडा दिसत नव्हता, आणि त्यांनी तो कसाही सांगितला असता तर निदान त्या क्षणी कुणी हटकलं नसतं. आप्पांनी घसा खाकरला.

"मंजूरपेक्षा नामंजूर जास्त हायती," ते म्हणाले. "तीसनं जास्त. ठराव नामंजूर. ग्रामसेवक, लिव्हा. आनि सर्वानुमते लिव्हू नगा."

मग बायकांच्या रांगेतून एक हसू फुटलं, आणि ते रांगेतून रांगेत पसरत गेलं. पोरांनी ताशा उचलला आणि कुणी न सांगता वाजवायला सुरुवात केली. आपण हरलो की जिंकलो हे त्यांतल्या निम्म्यांनाही सांगता आलं नसतं, पण वाजवलं जोरात. मी मांडवाच्या खांबाला धरून रडले. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

*

माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला. "आवाज सुटला, पण कुणाचा?"

"ते कळू नये अशीच व्यवस्था केलीय," मी म्हणाले. "पहिलं प्रकरण त्यावरच आहे."

ते पहिल्या प्रकरणापाशी परत गेले आणि बराच वेळ तिथंच होते. मला पदवी मिळाली. खांबेटे सरांनी दोरीवरचे चिमटे मला भेट दिले, आणि आप्पांनी गावभर पेढे वाटले. तलावाचं मात्र त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही, माझ्याशीही नाही आणि घरातही नाही.

पुढच्या साली कंपनी परत आली. आता तिला अर्धंच पाणी हवं होतं. पुन्हा ग्रामसभा, पुन्हा पटांगणात मांडव. तालुक्यातल्या दुसऱ्या गावांनीही आता मांडव मागितले होते, आणि मी डॉक्टर रेवती थिटे म्हणून रुबाबात पेटीच्या वायरी जोडत होते.

मागच्या रांगेतून मोठी आई उठली. सगळ्यांमधून वाट काढत पुढं आली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला, तोंडावर मात्र घेतला नाही.

"रेवे," ती म्हणाली, "मांडव र्‍हाऊ दे सावलीला. पेटी नगं आज."

मी जोडलेली वायर परत काढली. आप्पांनी ठराव वाचून संपवला होता. विरोधात कोण, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मोठ्या आईनं हात वर केला. सरळ, कोपरात न वाकवता, आप्पांच्या समोर.

"माझं न्हाई हाय," ती म्हणाली. "गेल्या साली बी न्हाईच हुतं."

तो आवाज मी ओळखला. कोरडा, आखूड, ठाम. तिच्या मागं माझ्या आईचा हात वर झाला, मग तिच्या शेजारणीचा, मग पथकातल्या एका पोराचा, आणि मग मला मागचं दिसेना, इतके हात मध्ये आले. पेटी बंद होती. माझा प्रबंध कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांत, विद्यापीठाच्या कपाटात जाऊन बसला होता. नाहीतर त्याला सातवं प्रकरण जोडायची माझी फार इच्छा होती.

आप्पा आपल्या बायकोकडं बघत राहिले. सगळी सभा त्यांच्याकडं बघत होती. मग ते खुर्चीवरून उठले, पुढं आले, आणि मोजायला त्यांनी बोट उचललं. ते बोट आधी मोठ्या आईकडं गेलं.

"एक," आप्पा म्हणाले.